पाठच्या भिंतीतले दार

मी, खाली सही करणारी, बंद पडलेल्या खाणीच्या लॅम्परूमची, म्हणजे कामगारांचे दिवे ठेवायच्या खोलीची, निवृत्त मुख्य दिवेवाली, वय एकाहत्तर, राहणार विटांच्या लांब ओळीतले रस्त्याच्या अंगाचे अगदी मधले घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चष्म्यातून आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे म्हणणारी आजवर दोनच माणसे झाली. एक माझी सासू, आणि दुसरा खाणीचा भांडारवाला. सासूने पुढे शब्द मागे घेतला. भांडारवाल्याचा विचार कलम आठमध्ये केला आहे.

माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणणाऱ्यांचे काय होते, ते गावात कोणालाही विचारावे.

कलम १. नवरा गेला त्या वर्षी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात मी सगळ्यांना सगळे वाटून टाकले होते आणि स्वतःला चहाचा कपसुद्धा ठेवला नव्हता. दुःखात माणूस फार उदार होतो. त्या उदारपणावर विश्वास ठेवू नये.

कलम २. उद्या सकाळी नोंदणी कार्यालयात माझे लग्न आहे. होय, माझेच. वर म्हणजे माझ्या पाठच्या घरातले निवृत्त गवंडी. त्यांना सगळा गाव ओळंबा म्हणतो, कारण त्यांच्या खिशात ओळंबा असतोच असतो आणि वाकडी भिंत दिसली की तो बाहेर येतो. वकीलीणबाईंनी घालायला सांगितलेले वाक्य असे: "सदर मृत्युपत्र उद्याच्या विवाहाची पूर्ण जाणीव ठेवून केलेले आहे." जाणीव इतकी आहे की दोन रात्री झोप नाही.

आता खरे कारण. माझा एकुलता एक मुलगा शहरात दातांचा डॉक्टर आहे. त्याला हे लग्न पसंत नाही. उद्या तो येणार की नाही हे मला माहीत नाही. फोनवर शेवटचे बोलला ते एवढेच, "आधी ते दार बुजव, मग बोलू." पोकळी दिसली की भरायची हा त्याचा धंदाच आहे, म्हणून मी आधी हसले. तो हसला नाही. दार बुजवलेले नाही, त्यामुळे पुढचे बोलणेही झालेले नाही. माझी इस्टेट कोणाला मिळते याची मला फारशी काळजी नाही. उद्या तो माझ्या शेजारी उभा असावा, एवढीच माझी इच्छा आहे. पण ती कलमात कशी घालायची हे वकीलीणबाईंनाही ठाऊक नाही. म्हणून जे घालता येते ते घालते.

कलम ३. घराचे वर्णन. हे चार ओळींत द्या, असे वकीलीणबाई म्हणाल्या. चार ओळींत हे घर मावत नाही.

आमची घरे कंपनीने कामगारांसाठी बांधली, पाठीला पाठ लावून. म्हणजे रस्त्याच्या अंगाला एक रांग, मागच्या गल्लीच्या अंगाला दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये एकच जाड भिंत. दोन घरांच्या चुली त्याच भिंतीला आणि दोघांचा धूर वर एकाच धुराड्यात. कंपनीला विटा वाचवायच्या होत्या. वीटही घरचीच, खाणीतून निघालेली टाकाऊ माती मळून खाणीच्याच भट्टीत भाजलेली. नवरे जी माती उकरून वर काढत, तिच्यातच बायका संसार करत.

कंपनी चिक्कू होती, पण गवंडी नव्हते. घरे सगळी सारखी बांधायचा हुकूम होता, तरी प्रत्येक दाराच्या कमानीवर त्यांनी जास्त भाजलेल्या काळपट विटांची वेगळी नक्षी घातली. कुठे चौकडा, कुठे पायऱ्या, कुठे माशाचा काटा. माझ्या दारावर नागमोड आहे. पाळी संपवून डोळ्यांत झोप घेऊन येणारा माणूस त्या नक्षीवरून आपले घर ओळखत असे. नाही म्हणायला माझा दीर एकदा माशाच्या काट्यात शिरून जेवून आला, पण तिथला स्वयंपाक बरा होता म्हणून, अशी माझी खात्री आहे.

खाली जमीन पोखरलेली. त्यामुळे घरे हळूहळू खचत गेली, पण एकमेकांना धरून. आमच्याकडचा सुतार दार काटकोनात करत नाही, घराचा कल बघून करतो. माझ्या हातून लोकरीचा गुंडा पडला की तो आपोआप चुलीपाशी जाऊन थांबतो. शोधावा लागत नाही, ही या घराची मोठी सोय आहे.

चतुःसीमा: समोर रस्ता, त्यापलीकडे खाणीचा बंद मनोरा आणि त्यावरची कबुतरे. डावीकडे खाणीत माणसे नेणारा पाळणा वरखाली करणारे यंत्रवाले काका, सज्जन, बहिरे. उजवीकडे भांडारवाला. मागे ओळंबा.

कलम ४. वरील घर, जोत्यापासून कौलांपर्यंत, माझ्यामागे संपूर्णपणे माझ्या मुलाला मिळावे. ओळंबांना यातली एक वीटही नको आहे. "मला माझं घर आहे, बाई. त्याचंच छप्पर गळतं, आणखी एक कशाला?" असे ते वकीलीणबाईंसमोर म्हणाले. तेव्हा म्हातारीला घरासाठी फशी पाडली असे कोणी बोलू नये.

मुलाला अटी दोनच. पहिली, विटांना सिमेंट लावायचे नाही. दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरायच्या त्या चुन्याने भराव्यात. वीट ओल पिते आणि चुन्यातून बाहेर टाकते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की ती आतल्या आत कुजते आणि पापुद्रे सोडते. दातांच्या डॉक्टरला हे जास्त समजवावे लागू नये. दुसरी अट, आम्हा दोघांपैकी एकजण जिवंत असेपर्यंत पाठच्या भिंतीतले दार बुजवायचे नाही. नंतर त्याची मर्जी.

कलम ५. ते दार. याबद्दल गावात सात तऱ्हा ऐकू येतात, म्हणून खरी हकीकत कायद्याच्या कागदावर आलेली बरी.

पाठीला पाठ लावलेल्या घरांना मागचे दार नसते, कारण मागे घरच असते. ओळंबांकडे जायचे तर रस्त्याने ओळ संपेपर्यंत चालायचे, टोकाला वळायचे आणि गल्लीतून परत यायचे. ज्या माणसाची शिंक मला भिंतीतून ऐकू येते, त्याला "बरं आहे ना?" विचारायला मी अर्धे गाव पालथे घालत असे. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो असा.

मागच्या थंडीत माझ्या चुलीच्या विटा ढिल्या झाल्या म्हणून त्यांना बोलावले. काम झाले, चहा झाला, ते गेले. थोड्या वेळाने पुन्हा दारात. थापी विसरली. थापी घेऊन गेले. पुन्हा आले, म्हणे पातळी बघायची पाणसळ राहिली. तिसऱ्यांदा आले तेव्हा पुन्हा थापीच विसरली होती. दम खात म्हणाले, "बाई, हा वळसा आता माझ्याने होत नाही. मधे दार काढू या का?"

मी म्हटले, "काढा की. भिंत निम्मी तुमचीच आहे."

परवानगीला कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने नियम दाखवला. दोन वेगळ्या कुटुंबांच्या घरांमध्ये दार काढता येत नाही, कुटुंब एकच असेल तर हरकत नाही. बाहेर पायऱ्यांवर ओळंबा टोपी फिरवत उभे राहिले.

"मग?" मी विचारले.

"मग काय? एकच कुटुंब करू या का?"

मला इतके हसू आले की मी पायरीवर खाली बसले. "अहो, दारासाठी लग्न करणारे तुम्ही पहिलेच!"

"दारासाठी नाही हो," ते म्हणाले. "तीन-तीनदा अवजार विसरायला मी काय इतका म्हातारा झालोय?"

असे आमचे ठरले. लग्नाची नोटीस अर्जाला जोडली आणि परवानगी आली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे नवऱ्याने गुडघ्याला पट्टा बांधून पहार उचलली.

आता चूक. आम्ही दोघेही खाणीच्या संस्कारातले. खाणीत बोगदा लांब असला की दोन्ही तोंडांनी खणत येतात आणि मधे भेटतात. आम्हीही तेच केले. मी माझ्या बाजूने छिन्नी धरली, त्यांनी त्यांच्या बाजूने. ते म्हणत होते, आधी पाण्याच्या नळीने दोन्हीकडची पातळी जुळवून घेऊ. पण ओळीला वळसा घालून पोचेल एवढी नळी कोणाकडे असणार? मी म्हटले, "जन्मभर पाठीला पाठ लावून राहिलो, आता पातळी कसली काढता? आपापल्या फरशीपासून माप घ्या." खाणीत माप तळापासूनच घेतात. त्यांनाही ते पटले.

खाणीच्या गावात जन्म काढून आम्ही दोघेही विसरलो की जमीन खचते. जुना बोगदा मागच्या गल्लीखालून जातो, त्यामुळे त्यांचे घर माझ्यापेक्षा दीड वीत खाली बसले आहे. मधली शेवटची वीट पडली, धूळ बसली, आणि समोर ओळंबा उभे, पण माझ्या खांद्याएवढेच! वरच्या बाजूला माझे दार पुढे भिंतीत घुसलेले, खालच्या बाजूला त्यांचे. तोवर त्यांनी आपल्या बाजूला विटांची सुंदर कमान बांधून टाकली होती आणि ती मोडायला ते तयार होईनात. "कमान एकदा बसली की बसली," म्हणाले. मी म्हटले, "तुमचा ओळंबा काय झोपला होता?" ते म्हणाले, "ओळंबा भिंत सरळ आहे का ते सांगतो बाई, शेजारीण किती उंचावर राहते ते नाही."

तेव्हा दार आहे तसे राहिले. त्यांच्याकडून येताना एक पायरी चढून डोके वाकवायचे, माझ्याकडून जाताना डोके वाकवून एक पायरी उतरायची. त्यांना कपाळावर दोन टेंगळे आली, मला अजून एकही नाही. बुटके असण्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिला फायदा. त्या दारात बसून आम्ही भांडलो, हसलो, आणि निघालेल्या विटा वाटून घेतल्या. या भिंतीत काही विटा आडव्या घातलेल्या, डोके माझ्या घरात आणि पाय त्यांच्या. त्या कोणाच्या यावरून परत भांडलो. इतका आनंद मला गेल्या आठ वर्षांत झालेला नाही, हे मी शुद्धीवर लिहीत आहे.

कलम ६. पाठची भिंत. हे कलम फक्त मुलासाठी आहे, इतरांनी वाचले तरी चालेल.

बाळा, तू फोनवर म्हणालास, "बाबा ज्या भिंतीला टेकून बसायचे ती तू फोडलीस." आणि म्हणालास, "मला घर नको होतं, आई. ती भिंत हवी होती." मग फोन ठेवलास. मी उत्तर द्यायच्या आत ठेवलास, म्हणून उत्तर इथे देते.

तुझे वडील सुरुंग लावायचे काम करत. हाडांत गारठा घेऊन वर येत, अंघोळ करून त्या भिंतीला पाठ टेकत आणि तू त्यांच्या शेजारी पाठ टेकून पाढे म्हणत असायचास. ती भिंत ऊबदार होती, कारण तिच्या आतून पलीकडच्या चुलीचा धूर वर जातो. ती जागा आम्ही फोडलेली नाही. फोडताच येत नाही, आत धुराडे आहे. दार तिच्या शेजारी, जुन्या कोनाड्याच्या जागी आहे. तू येऊन पाहिलेच नाहीस.

आणखी एक. तुझ्या वडिलांची पाळी दुपारी सुटायची असली की पलीकडची चूल नेहमीपेक्षा लवकर पेटत असे. तेव्हा ओळंबांच्या बायकोचे दुखणे चालू होते, पुढे ती गेली, तरी त्या आठवड्यांत चूल लवकर पेटायची. ओळंबा याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. तुझ्या बाबांनीच मला सांगितले. "पलीकडचा माझ्यासाठी लाकडं जाळतो गं," म्हणाले, आणि रडले. तुझ्या बाबांवर माझे प्रेम होते, आहे. ते कमी करून मी हे नवे आणलेले नाही. ज्याने त्यांची पाठ शेकली त्याच्याकडे मी चालले आहे, एवढेच.

कलम ७. किरकोळ वस्तू. माझा पितळी दिवा, जो मी पन्नास वेळा चोरीला जाताना वाचवला, तो यंत्रवाल्या काकांना. त्यांना ऐकू येत नाही, निदान दिसावे. शिलकीतले जे असेल ते माझ्या औषधपाण्यातून उरले तर मुलाला. लोकरीच्या सुया, गुंडे आणि अर्धवट स्वेटर ओळंबांच्या मुलीला. ती नर्स आहे, आणि या लग्नाची बातमी ऐकून टाळ्या पिटणारी पहिली तीच. "काकू, आता मी तुम्हाला काय म्हणू?" असे तिने विचारले. मी म्हटले, काकूच म्हण, या वयात मला नवीन नावावर ओ देता येणार नाही. भिंतीत सापडलेली ती एक वीटही तिलाच, जिच्यावर ओल्या मातीत कुत्र्याचा पंजा उमटलेला आहे. भट्टीवरचे ते कुत्रे कोणाचे होते यावर बापलेक अजून वाद घालतात. त्यांनी तो पुढेही घालावा.

कलम ८. भांडारवाला. याने लॅम्परूमला वातींचे वाटप करताना नेहमी हात आखडता घेतला आणि निवृत्त झाल्यावर आमच्या सामाईक भिंतीच्या कोपऱ्यावर सिमेंट थापले. त्या कोपऱ्याच्या विटा आता पापडासारख्या सुटत आहेत. त्याला मी चुन्याची एक गोणी ठेवत आहे. ओळंबांनी त्याला ती वापरायची कशी हे शिकवावे, आणि शिकवताना मी जशी ओरडले असते तसे ओरडावे. हे झाले की माझा राग संपला असे समजावे. त्याआधी नाही.

कलम ९. माझ्यामागे कोणी घर बंद करून बसू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. माझ्याबद्दल खोटे चांगले बोलू नये, खरे चांगले पुरेसे आहे.

सह्यांच्या आधीची पुरवणी. वरचे पहाटेच लिहून झाले. सकाळी वकीलीणबाई आल्या, साक्षीला यंत्रवाले काका आणि औषधांच्या दुकानातले कंपाउंडर येऊन बसले. मी सहीला पेन उचलणार तोच पाठच्या दारात धाडकन आवाज झाला आणि कोणीतरी ओरडले, "आई गं!"

माझा मुलगा. कपाळ धरून, वाकून, पायरी चढून आत आला. मागे ओळंबा, चेहरा पडलेला, "सांगत होतो, वाका म्हणून" असे पुटपुटत. म्हणजे तो रस्त्याने माझ्याकडे आला नव्हता. आधी गल्लीतून त्यांच्याकडे गेला होता. काय बोलले ते दोघांनीही मला सांगितलेले नाही आणि मी विचारणार नाही. (विचारणार आहे, पण उद्यानंतर.)

मुलगा भिंतीपाशी गेला. हात लावून उभा राहिला. मग टेबलावरचे हे कागद उचलले आणि उभ्याउभ्या सगळे वाचले. कलम आठला हसला. कलम सहा पाठ फिरवून वाचले.

"साक्षीदार कोण कोण?" त्याने विचारले.

वकीलीणबाईंनी सांगितले.

"कंपाउंडर काका, तुम्ही राहू द्या. मी करतो सही."

वकीलीणबाई गडबडल्या. "अहो, तुम्हाला नाही करता येणार. साक्ष घालणाऱ्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुम्ही सही केलीत तर घर जाईल तुमचं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच करतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, उद्या मी आलो तर घर मिळालं म्हणून आला असं कोणी म्हणायला नको. तूसुद्धा नाही."

मी खूप रडले. आनंदाने रडले. यंत्रवाल्या काकांना काहीच ऐकू आले नाही, तेही रडले.

म्हणून दुरुस्ती अशी. कलम चार आणि सातमध्ये मालमत्तेसंबंधी जिथे "माझा मुलगा" असे लिहिले आहे, तिथे "माझा नवरा" असे वाचावे. हा शब्द आज एक दिवस लवकर लिहिला आहे. वकीलीणबाई म्हणतात, चालेल. ओळंबा म्हणाले, "अहो, पण मला नको आहे." त्यांना गप्प बसायला सांगितले आहे. यंत्रवाले काकाही साक्षीदार, म्हणून कलम सातमधला पितळी दिवा त्यांना आजच हातात दिला आहे. कलम सहा जसे आहे तसेच राहील, ते कोणीही बदलू नये.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, डोळे पुसून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही: दिवेवाली

साक्षीदार पहिले: यंत्रवाले काका, डावीकडचे शेजारी. (सही मोठ्या अक्षरात, कारण त्यांना वाटते आम्हालाही कमी ऐकू येते.)

स्थळ: दोन घरांच्या मधली पायरी. टेबल तिथे मावत नव्हते, मांडीवर कागद ठेवून सह्या केल्या.

तारीख: लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळी.

साक्षीदार दुसरे, स्वहस्ते: वरील सही आईने माझ्यासमोर केली आहे. ती पूर्ण शुद्धीत आहे. मला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही, हे मला समजावून सांगण्यात आले आहे. उद्या सकाळी तिला नोंदणी कार्यालयात मी घेऊन जाणार आहे. सही: मुलगा.